रुपयाएवढं कुंकू

शिळाछापखान्यात दहा वर्षं काढली की दोन गोष्टी माणसाला चिकटतात: नखांतली शाई आणि डोक्यातले किस्से. शाई राखेनं घासली की निदान फिकी तरी होते. किस्से साचतच जातात. आणि माझे किस्से असे, की हसू यायच्या आधी टाळकं सटकतं! तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण मधे कुणी 'जाऊ दे रे' म्हणायचं नाही.

ठाण्यात तळ्यामागच्या आळीत आमचा प्रेस. मालक भाऊसाहेब. आम्ही पुस्तकं-बिस्तकं नाही छापायचो. लेबलं, हँडबिलं, जाहिराती. ज्याला काही विकायचं असेल तो आमच्या पायऱ्या चढायचा. चित्रं काढायचा सदोबा, अक्षरं काढायचो मी. दोघंही थेट दगडावर, आणि तेही उलटं, आरशात दिसतं तसं. छापून झालं की पोशा वाळू-पाणी घेऊन शिळा घासायचा. चित्र गेलं, दगड कोरा, की पुढची ऑर्डर. पोशा मिठागरावर वाढलेला आगरी गडी, बोलायला फटकळ आणि मनानं सरळ. बस्स, एवढीच आमची मंडळी.

*

कल्याणचे एक वैद्यबुवा आले. जुलाबाच्या गोळ्यांचं लेबल हवं होतं. बाटली केवढी? माझ्या अंगठ्याएवढी!

"चित्रात हिमालय हवा," बुवा म्हणाले. "पुढे मी, व्याघ्रचर्मावर. समोर एक राजा हात जोडून. मागे त्याची राणी, तिलाही गुण आलाय. बाजूला धन्वंतरी. खाली चौदा रोगांची नावं."

सदोबा निमूट ऐकत होता. हा माणूस कधी चिडायचाच नाही, त्याच्या वाटणीचंही मीच चिडायचो. बुवा जिना उतरायला लागले, अर्ध्यावरून परत वर आले आणि म्हणाले, "आणि हो, मधे मोकळी जागा भरपूर सोडा. डोळ्याला शांत वाटलं पाहिजे!"

मी दौत उचलली होती. सदोबानं माझा हात धरला.

*

मग ती नाटक कंपनी. मॅनेजर म्हणाला, हँडबिलावर वाघ काढा, जबडा उघडलेला. सदोबानं विचारलं, "नाटकात वाघ कुठे येतो?"

"नाटकात कुठला वाघ! पौराणिक संगीत आहे."

"मग?"

"ते लोकांना आत बसल्यावर कळेल ना!"

सदोबानं वाघ काढला. असा काढला की शिळेवरनं शाईचा रूळ फिरवताना पोशा मान मागे घ्यायचा. खेळाला ही गर्दी! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास-साठ माणसं प्रेसच्या दारात. रात्री खेळात वाघ कुठे म्हणून लोक ओरडायला लागले, तेव्हा त्या मॅनेजरनं स्टेजवरून हात जोडून सांगितलं होतं, "वाघाची सगळी जबाबदारी चित्रकाराची!"

भाऊसाहेब काय बोलले असतील? सदोबालाच झापलं. "इतका हुबेहूब काढायची काय गरज होती?"

*

भाऊसाहेबांचा स्फूर्तीवर भारी राग. सदोबाची सवय अशी, की कोऱ्या शिळेपुढे आधी नुसता बसायचा. तासभर, दोन तास. हात मांडीवर. मग एकदा क्रेयॉन उचलला की जेवायचंही भान नसायचं.

एकदा भाऊसाहेब मागे येऊन उभे. "काय चाललंय?"

"सुचतंय," सदोबा म्हणाला.

"सुचायचं ते घरनं सुचून यायचं! इथे येऊन फक्त काढायचं!"

आणि सांगतो काय, दुसऱ्या दिवसापासून सदोबाला तासभर लवकर यायला लावलं. म्हणे, ज्याला सुचायला वेळ लागतो त्यानं लवकर यावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सदोबा मात्र लवकर यायला लागला.

*

त्याच लवकरच्या वेळात ती लक्ष्मी झाली.

ऑर्डर कल्याणच्या नारायणशेठची. तांदळाचे मोठे व्यापारी, दिवाळीच्या आत त्यांना पोत्यांवर डकवायला लेबल हवं होतं. एकच लाल शाई, मधे लक्ष्मी, खाली दुकानाचं नाव. शेठची फर्माईशही कमी नव्हती. हत्ती चार करा, नाणी जास्त पडू द्या, माझं नाव मोठं करा, अजून मोठं करा. देवीपेक्षा मोठं केलं तेव्हा कुठे थांबले!

पण पहिलं प्रूफ हातात घेतलं आणि शेठची पुढची फर्माईश तिथेच राहिली. काय चेहरा होता त्या लक्ष्मीचा! आमच्या लेबलांवरच्या देव्या सगळ्या एका साच्यातल्या, बाहुल्यांसारख्या. ही तशी नव्हती. ही नुकतीच चुलीवरचं काहीतरी उतरवून दारात आलेली वाटत होती, जरा दमलेली आणि जरा हसरी. आणि कपाळावर ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू.

शेठनं पायातल्या वहाणा काढल्या. आमच्या त्या शाईनं बरबटलेल्या खोलीत! प्रूफ उपरण्यात गुंडाळलं. "ही माझ्या गादीच्या वर लागणार. छापायला घ्या." आणि गेले.

सदोबा भाऊसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला काही मागताना पाहिलं नव्हतं. "भाऊसाहेब, एक प्रूफ मला घरी न्यायचंय."

"कशाला?"

"दाखवायचंय."

"प्रेसचा माल बाहेर जात नाही. छापून झाल्यावर बाजारात बघतील की तुझ्या घरचे! पोत्यावर!"

एका कागदासाठी हो! एक चिटोरं. मी भांडायला उठलो, तर सदोबा म्हणतो, "राहू दे. छापेपर्यंत थांबतो."

*

पुढच्याच आठवड्यात सदोबा तापानं पडला. मी फराळाची पुडी घेऊन त्याच्याकडे गेलो. एवढ्या वर्षांची दोस्ती, पण घरी कधी गेलो नव्हतो. तो बोलवायचाच नाही.

कडी वाजवली. दार उघडलं आणि मी तिथेच खिळलो.

लक्ष्मी!

तेच डोळे, तेच दमलेलं हसू. हातात चुलीवरून उतरवलेलं भांडं. फक्त कपाळ मोकळं, आणि हातात एक बांगडी नाही.

"दादा झोपलाय," ती म्हणाली. "तुम्ही अक्षरं काढता ना? या, बसा." ही वेणूताई, सदोबाची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली. घरातनं बाहेर पडायची नाही, कुणी पडू द्यायचं नाही. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "दादा म्हणतो मला काहीतरी दाखवायचंय, पण काय ते सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "नाही बुवा." आयुष्यात इतकं खोटं कधी बोललो नाही.

*

सदोबा अंथरुणात असतानाच मुंबईचा एजंट प्रेसमध्ये येऊन बसला. जर्मनीत छापलेली तयार चित्रं! सात-आठ रंग, कागद काचेसारखा. खाली जागा कोरी, आपण फक्त दुकानाचं नाव छापायचं. त्यात लक्ष्मीही होती. भाऊसाहेब नुसते पाघळले.

"आता चित्रकार हवाय कशाला?" मला म्हणाले. "ना ताप, ना स्फूर्ती!"

मी म्हटलं, "शेठनं ती पसंत केलीय."

"शेठ विलायती माल बघून उडी मारील. पोशा, ती शिळा घासून टाक. वैद्यबुवांच्या गोळ्या चढवायच्यात."

पोशानं शिळेकडे पाहिलं. मग वाळूची बादली खाली ठेवली. "देवीचा तोंड घासाचा? मना नाय जमाचा."

"दगड आहे तो, गाढवा!"

"दगूड हाय त तुमीच घासा."

आणि घासली! भाऊसाहेबांनी बाह्या सरसावून, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतः घासली. मी आडवा आलो, तर म्हणाले, तूही जा घरी त्या चित्रकारासारखा. आणि मी? मी बाजूला झालो. घरात पाच तोंडं आहेत माझ्या. त्या दिवशीचा राग अर्धा भाऊसाहेबांवर आहे, अर्धा माझ्यावर. सगळ्यात आधी कपाळ गेलं. त्याच शिळेवर मग हिमालय चढला, आणि जुलाबाच्या गोळ्या.

सदोबा कामावर आला तेव्हा ते त्याला मलाच सांगावं लागलं. तो शिळेवरून एकदा हात फिरवून आला आणि जागेवर बसला.

*

दिवाळी तोंडावर आली आणि नारायणशेठ आले तेच गरजत. हातात विलायती लेबलांचा गठ्ठा. "हे काय छापलंय? हे काय छापलंय, भाऊसाहेब?"

"सात रंग आहेत, शेठ! जर्मनीचं काम!"

"कपाळ बघा! कपाळ!"

बघितलं. सात रंग, शालू, मुकुट, कमळ, हत्ती, सगळं होतं. कुंकू नव्हतं! त्या जर्मनाला काय ठाऊक? आणि आमच्या मालकांनी रंग मोजले, कागदाला गाल लावून बघितला, पण देवीच्या कपाळाकडे बघायचं सुचलं नाही!

"पांढऱ्या कपाळाची लक्ष्मी? माझ्या पोत्यांवर? कोण घरात घेईल? माझी आधीची कुठे आहे? ती छापा!"

"ती... ती शिळा घासली," भाऊसाहेब पुटपुटले.

मग आमची धावपळ. दुसऱ्या शिळेवर नुसता एक ठिपका काढला आणि वरून लाल छापून पाहिला. पण विलायती कागद सारखे कापलेले नव्हते. एकीचं कुंकू नाकावर, एकीचं गालावर, एकीचं थेट हत्तीला! लेबलं दोन हजार. हातानं लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भाऊसाहेबांनी लाल रंगाची वाटी सदोबापुढे सरकवली. आवाज एकदम मधासारखा. "सदोबा, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. लाव बाबा कुंकू."

सदोबानं वाटी परत सरकवली.

"एकदा लावलं होतं, भाऊसाहेब. तुम्ही पुसलंत."

उठला, कोट घातला आणि जिना उतरून गेला. परत आला नाही.

"काय पुसलं मी?" भाऊसाहेब मला विचारायला लागले. "अरे, काय पुसलं?" मी मान खाली घालून अक्षरं काढत राहिलो.

मग वाटी पोशापुढे गेली. पोशानं ती उचलली आणि मालकांच्या मांडीवर ठेवली. "जेनी आनली, तेनीच लावावा कुकू!"

त्यानंतर चार दिवस आमचे मालक जमिनीवर मांडी घालून दोन हजार लक्ष्म्यांना कुंकू लावत होते. मी एका ठिपक्यालाही मदत केली नाही. तेवढं तरी केलं.

*

आता शेवटचा.

सदोबा नाशकाला मामाकडे जायला निघाला, बहिणीला घेऊन. म्हणाला, "कल्याणला उतरणार आहे. ते एकच प्रूफ उरलंय, शेठच्या दुकानात. वेणूला दाखवतो आणि पुढची गाडी धरतो." मीही बरोबर गेलो.

शुक्रवार होता. दुकान नुकतंच उघडलेलं. गादीच्या वर, चांगल्या सागवानी चौकटीत, आमची लक्ष्मी. झेंडूचा हार, पुढे समई. शेठ अंघोळ करून पूजेला उभे.

"अरे, चित्रकार! या, या! बघा कुठे बसवलीय तुमची देवी! ती आल्यापासून धंद्याला बरकत आहे!" मग त्यांचं लक्ष सदोबाच्या मागे गेलं. वेणूताई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. शेठचा चेहरा बदलला. माणूस वाईट नव्हता, हळूच बोलले. "बाई, जरा बाजूला उभ्या राहता? लक्ष्मीची पूजा चाललीय. समोर नको."

या वेळी बाजूला व्हायचं नाही, असं ठरवूनच मी पुढे झालो. पण वेणूताईनं हातानंच मला थांबवलं.

ती खांबापाशी सरकली. तिथून चित्र दिसत होतं. किती वेळ बघत होती कोण जाणे. सदोबा तिच्याकडे बघत होता, चित्राकडे नाही.

शेठनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं, टाचा उंचावल्या आणि देवीच्या कपाळाला लावलं.

खांबाआडून आवाज आला.

"शेठ, कललंय. जरा मधोमध लावा."