मालनला विचारलेला प्रश्न

मिरजेला जायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझी बायको मालन एका ताटात दूधभाकरी जेवलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — पोरीलाही नाही.

मालनच्या अन्ननळीचं खालचं तोंड आवळलं होतं. घास छातीतच अडकायचा. तोंडातून दुर्बीण घालून ते सैल करायचं ठरलं. आधी तीन दिवस गाळलेली पेज न् पाणी, बाकी काही नाही — नर्सबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, समजलं.

पण आमच्यात उपाशीपोटी कुणी उंबरा ओलांडत नाही. मी भाकरी दुधात कुस्करली. पातळच झाली की!

"आवं, डॉक्टर वरडतील."

"डॉक्टर काय आपल्या चुलीपाशी बसलाय?"

ती हसली. "मग गूळ बी घाला. चोरी करायची तर गोड तरी करू."

तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, मायेनं चुकला. तेवढंच असतं तर — तर केव्हाच बोललो नसतो का?

भूल दिल्यावर अडकलेलं अन्न वर आलं आणि फुप्फुसात गेलं. सात दिवस मशीनवर होती, मग गेली. आजारच तसा, असं सगळे म्हणाले. मी मान हलवली. आता रहिमतपूरच्या घरात एकटा असतो. दिवसदिवस तोंड उघडायचं कारण पडत नाही. पोरगी फोनवर विचारते, जेवलात का? हो म्हणतो. खोटं बोलायला मला जड जात नाही.

जड जाते ती सकाळ. दूधभाकरीच्या दुसऱ्या दिवसाची.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. त्यांनी मालनलाच विचारलं, "मावशी, तीन दिवसांत पेजेशिवाय काही खाल्लंत? घाबरू नका. खाल्लं असेल तर नळी आधी धुऊन घेऊ, ऑपरेशन परवा करू."

परवा — एवढंच होतं हो!

मालननं माझ्याकडं बघितलं. ती सांगणार होती. शेजारच्या खाटांवरची माणसं कान देऊन होती. दोनदा वाचून दाखवलेलं याला कळलं नाही, असं सगळ्यांसमोर होईल — माझ्या मनात तेवढंच आलं. तिचं काय होईल, हे आलंच नाही. तिनं तोंड उघडलं, तोवर मी बोललो.

"न्हाई. काय बी खाल्लं न्हाई तिनं."

मालननं खाली बघितलं. बाईंनी कागद पुढं केला. मी अंगठा देत नाही, सही करतो. सही केली.