रोज पाणी येणारं स्टेशन

मला सिनेमा नीट बघता येत नाही. पडद्यावर आगगाडी आली की मी नायक-नायिका सोडून दारातून कोण उतरतंय तेवढंच बघते, आणि कुणी उतरलं की उठून बाहेर येते. कॉलेजापासूनच्या मैत्रिणी वैतागतात. "रुपाली, तिकीट तरी वसूल होऊ दे की," म्हणतात. ग्रंथालयात नोकरी असल्यानं प्रवासवर्णनं मी कपाटंच्या कपाटं वाचली, पण स्वतः सोलापूर स्टेशनात गाडीत चढायचं म्हटलं की मी फलाटावरूनच परत फिरते. कविता तेवढी सोसते. कवितेत सहसा कुणी गाडीतून उतरत नाही.

या सगळ्याचं खापर मी शरणम्मावर फोडते.

शरणम्मा अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. आम्हा विडी कामगारांच्या वसाहतीत चौथ्या ओळीत तिचं घर होतं. दुपारी पंधरा-वीस बायका तिच्या अंगणात लिंबाखाली जमायच्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. बहुतेक जणी आमच्यासारख्या तेलुगू घरांतल्या, म्हणून शरणम्माशी सगळ्यांचं बोलणं मराठीत. बायका विड्या वळायच्या आणि शरणम्मा वाचायची. तिनं हात फक्त पुस्तकाला लावायचा, तंबाखूला नाही. उठताना प्रत्येकीनं आपल्यातली एक जुडी तिच्या सुपात टाकायची, आणि तिचा दिवस भरायचा.

पुस्तक एकच. जाड, पिवळं पडलेलं, स्टेशनात हमाल असलेल्या नवऱ्यानं आणून दिलेलं. त्यात एक गाडी होती आणि गाडीच्या एका डब्यात आम्ही सगळ्या होतो. परक्या माणसांचं शरणम्मा वाचायचीच नाही. "बालामणी खिडकीपाशी बसली, मांडीवर रुपाली झोपली," असं तिनं वाचलं की बालामणी, म्हणजे माझी आई, हात न थांबवता जराशी सरळ बसायची. मी तेव्हा चार वर्षांची. गाडी बोगद्यांतून जायची, वाळवंटातून जायची, एका पुलाखाली तर नुसता समुद्र होता. तुळजापूरपलीकडं कधी न गेलेल्या बायका संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या की केरळात केळी तळून खातात.

तिसरीत मला चांगलं वाचता यायला लागलं तेव्हा मी तिच्या खांद्यावरून डोकावले. ते रेल्वेचं वेळापत्रक होतं. नुसती गावांची नावं आणि आकडे, तेही उलटं धरलेलं. शरणम्मानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाचत राहिली. मी कुणाला बोलले नाही. आजवर इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण तसं वाचणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

तोवर अंगणातल्याच चंद्रव्वाचं होऊन गेलं होतं. एका दुपारी शरणम्मानं वाचलं की वाडी जंक्शनला चंद्रव्वा लेकराला काखेत घेऊन पाणी भरायला उतरली आणि गाडी सुटली. बायका हसल्या. "येते की मागच्या गाडीनं," चंद्रव्वा म्हणाली. वस्तीत त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ होती. नवव्या दिवशी चंद्रव्वा गेली, आणि संध्याकाळी काखेतलं लेकरूही. शरणम्मानं महिनाभर पुस्तक उघडलं नाही. उघडलं तेव्हा म्हणाली की आता मी कुणाला उतरवणार न्हाय, जी आपल्या तोंडानं मागंल तिलाच. त्यानंतर गाडी कित्येक वर्षं कुणालाही न उतरवता चालली.

मग बायका थकल्या. तंबाखूच्या धुळीनं छाती धरली, कुणाला दमा, कुणाला त्याहून वाईट. अंथरुणाला खिळलेली बाई एके दिवशी घरच्यांना म्हणायची, शरणम्माला बोलवा. ती काखेत पुस्तक मारून यायची आणि विचारायची, "कुटं उतरतीस?" नरसम्मानं रामेश्वरम मागितलं. एकीनं दिल्ली मागितली, कारण तिचा मुलगा तिकडं पळून गेला होता. दोन-चार दिवसांत बाईची सुटका व्हायची. डॉक्टर म्हणायचे, दुखणंच तसं होतं. मीही तेच म्हणायचे, जरा जास्तच मोठ्यानं.

मागच्या वर्षी आईनं शरणम्माला बोलवायला सांगितलं.

तिची फुप्फुसं दोन वर्षं झिजत होती. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. मी म्हणाले, उद्या बोलावते. दीड महिना मी उद्याच म्हणत राहिले. खोटं कशाला सांगू, मला तिला सोडायचं नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो. शरणम्माच्या जागी मीच तिला वाचून दाखवायला लागले. हिमालयातली प्रवासवर्णनं वाचली, माझ्या आवडत्या कविता वाचल्या, मोबाइलवर सिनेमे लावले. आई पाहुण्यासारखी गुमान ऐकायची. एकदा श्वास सापडल्यावर तेलुगूत म्हणाली, "छान आहे गं. पण तुझ्या पुस्तकात मी कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी मी शरणम्माकडं गेले. तिची नजर गेली होती. त्याच अंगणात, लिंबाखाली बाजेवर बसली होती.

"मावशी, अम्माला उतरायचंय," मी म्हणाले.

तिनं बाजेवरचं पुस्तक चाचपून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "उतरवते की. पण तू तिच्या मांडीवर हायस."

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, मावशी."

"हितं आसशील. डब्यात चारच वर्षांची हायस. तुला तितनं कुणी उचललंच न्हाय."

मी हसले. हसताना हातावरचे केस उभे राहिले होते, ते मी पदराखाली झाकले.

दुपारी मी तिला हाताला धरून घरी आणलं. आईच्या पलंगापाशी बसून तिनं पुस्तक उघडलं. आजही उलटंच होतं, आणि मी ते सरळ केलं नाही. आंधळी बोटं ओळींवरून फिरत होती.

"डब्यात आता तिघीच. बालामणी, पोरगी आन् मी. कुटं उतरतीस बालामणी?"

आईनं आधीच ठरवून ठेवलं असावं. "जितं नळाला रोज पानी येतंय तितं," ती म्हणाली.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं. तिचा जन्म बॅरलं भरण्यात गेला होता. शरणम्मानं बरीच पानं उलटली. "हाय," ती म्हणाली. "ल्हान स्टेशन हाय. गाडी लई थांबत न्हाय. पोरगी दे हिकडं."

महिनाभर चमचा न उचललेल्या आईनं दोन्ही हात उचलले, झोपलेल्या लेकराला काखेत धरून उचलावं तसे. मी दारात उभी होते. माझ्या काखांत तिचे अंगठे रुतले, पानं कापायच्या कात्रीनं घट्टे पडलेले तेच अंगठे, आणि माझ्या टाचा फरशीवरून सुटल्या. मी चौकट घट्ट धरली. शरणम्मानं हवेतून काहीतरी घेतलं आणि छातीशी धरलं.

"झोपलीय. उठवू नको तिला," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. पाण्याचा दिवस नव्हता, तरी मोरीतला नळ वाहत होता आणि बादली भरून पाणी दारापर्यंत आलं होतं. मी आधी नळ बंद केला, मग रडले.

या जानेवारीत शरणम्माच्या सुनेचा फोन आला. मी गेले तेव्हा शरणम्मा आडवी होती, श्वास अगदी आईसारखा लागलेला. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"अक्कलकोट रोडला उतरव मला. माझं गाव तितनं जवळ."

"मला तुमच्यासारखं वाचता येत नाही, मावशी."

"येतंय की. ल्हानपनी मागनं बघितलंस न्हवं?"

मी पुस्तक उलटं धरलं. गावांची नावं खाली डोकं वर पाय झाली, त्यांची अक्षरं लागेनात, आणि मग वाचता येऊ लागलं. "डब्यात दोघीच," मी वाचलं. "शरणम्मा आणि मांडीवर रुपाली. अक्कलकोट रोड आलं."

"पोरीला कुनाकडं देऊ?" तिनं विचारलं.

मी डबाभर बघितलं. सगळी बाकं रिकामी होती. पुस्तक मिटता आलं असतं, आणि एकदा दीड महिना मी तेच केलं होतं. समोर शरणम्माच्या गळ्याच्या शिरा श्वासागणिक ताणत होत्या.

"खिडकीपाशी बसवा," मी म्हणाले.

तिनं हात खाली नेले आणि हळूच सोडवून घेतले. "जागी झाली. रडती की गं."

"रडू दे," मी म्हणाले. "तुम्ही उतरा."

ती शुक्रवारी गेली. पुस्तक मी ग्रंथालयातल्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. माझी तब्येत ठणठणीत आहे. दुपारी वाचक नसले की मी कपाटाकडं पाठ करून बसते, कारण आत ती अजून रडत असते. तिला उतरवायला वाचणारं माणूस हवं. तसं वाचणारी आता जगात मी एकटीच उरलेय, आणि त्या डब्यात मी चार वर्षांची आहे, अजून वाचताही न येणारी.