पाचवं रीळ, सहावं रीळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टॉकीजच्या आठवणी सांग म्हटलं की मी बाकीचं सगळं सांगायचो. गर्दीत मोडलेले तिकिटाच्या खिडकीचे गज, पडद्यावर बसलेलं घुबड, देवीच्या पिक्चरला खाली चपला काढून बसणाऱ्या बाया. त्या स्वप्नांच्या पिक्चरचं मात्र सांगायचो नाही. आता सांगतो, कारण त्याबद्दल जे लोकांना माहीत आहे ते चूक आहे, आणि ते चूक ठेवण्यात माझा हात आहे.

मी लातूरला एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. त्या दिवशी दुपारी मी केबिनमध्ये टेबलावर दोन रिळं ठेवून बसलो होतो आणि त्यातलं आधी कोणतं, हे मला कळत नव्हतं.

असं होत नसतं. पिक्चर एका लांब पट्टीत येत नसे. तो रिळांमध्ये तोडलेला असे, आणि प्रत्येक रिळाच्या तोंडाशी एक कोरी पट्टी जोडलेली असे. तिला लीडर म्हणतात. लीडरवर रिळाचा नंबर असतो. ही प्रिंट लहान लहान गावांत फिरून आमच्याकडे आली होती. कुठल्या तरी ऑपरेटरनं बरेच लीडर तोडून टाकले होते. डब्यांवर नंबर होते, पण डबे आणि आतली रिळं यांचा मेळ नव्हता.

माझा असिस्टंट गौतम. औसा रोडच्या एका खेड्यातला, तिशीला टेकलेला, शांत माणूस. रिवाइंड करणं आणि लीडर जोडणं हे केबिनमध्ये असिस्टंटचं काम. बहुतेक रिळांचे नंबर आम्ही दोघांनी मिळून काढले. पहिलं कळतं, त्यात नावं असतात. शेवटचं कळतं, त्यात 'समाप्त' असतं. मधली रिळं चार-दोन फ्रेम उजेडाकडे धरून, कपडे बघून लावता येतात. अडली ती दोनच. पाचवं आणि सहावं.

दोन्ही रिळांच्या सुरुवातीला हिरो त्याच लोखंडी कॉटवर, त्याच खोलीत दचकून जागा होत होता. पिक्चरच तसा होता. त्याला स्वप्न पडतं की आपण आपल्या भागीदाराचा खून केला. तो जागा होतो. मग कळतं की ते जागं होणंही स्वप्नातलंच होतं. कोणतं जागेपण खरं, हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

"उस्ताद, एकदा चालवून बघू ना," गौतम म्हणाला.

बरोबर होतं ते. पण त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. दिवसा लाइट जायची, आणि मशीन चालवायचं तर डिझेल इंजिन लावावं लागे. इंजिनाला गार ठेवायला पाणी लागतं. टँकर आला नव्हता. मॅनेजर जोशींनी सकाळीच बजावलं होतं, "आहे ते पाणी शोसाठी. ट्रायल-बियल काही नाही."

मी गौतमला सांगितलं, "तू आपल्या मालकशेठच्या डाळमिलवर जा. बोअरचं पाणी मिळतंय का बघ. शो तरी निघाला पाहिजे."

"आन् ही दोन?"

"ही मी बघतो."

तो सायकलला पाण्याचे डबे अडकवून गेला. मी दोन्ही रिळं परत उजेडाकडे धरली. एकात हिरोच्या कपाळाला पट्टी होती. दुसऱ्यात नव्हती. मी विचार केला, आधी लागलं असणार, मग बरं झालं असणार. पट्टीवाल्याला पाच नंबर दिला, बिनपट्टीच्याला सहा. लीडर जोडले आणि विडी पेटवायला बाहेर आलो.

गौतम परत आला तेव्हा घामानं निथळत होता. त्यानं इंजिनात पाणी भरलं, मग रिळं रिवाइंड करून फळीवर लावली. करताना एक लीडर तुटला, तो त्यानं परत चिकटवला. हे मी बघितलं. तो सहाचा लीडर होता आणि त्यानं तो सहालाच चिकटवला. हेही मी बघितलं.

पिक्चर सुरू झाला. ऑपरेटर पिक्चर बघत नाही, तो मशीनच्या दिव्यातली कार्बनच्या कांड्यांची ज्योत बघतो. पण या पिक्चरनं मला केबिनच्या भिंतीतल्या भोकातून बघायला लावलं. मी आयुष्यभर पिक्चर दाखवले, त्यात हा सगळ्यांत आवडता. आमच्याकडे तो असा दिसत होता: इंटरव्हलनंतर हिरो कपाळाला पट्टी बांधलेला जागा होतो, भागीदार मेल्याचं त्याला कळतं, तो रडतो. मग पुन्हा जागा होतो, पट्टी नाही, आणि भागीदार समोर जिवंत. आनंदात जिना उतरताना पडतो, डोकं फुटतं. शेवटच्या रिळात पट्टी बांधून बसलेला असतो. दारावर थाप पडते. तो हसतो. समाप्त.

म्हणजे थाप भागीदाराची. चहाला आला. खून झालाच नाही.

पब्लिक खूश होतं. टॉकीजसमोरच्या पानपट्टीवर रोज वाद व्हायचा.

"पट्टी आधी कशी आली रे? पडला तर नंतर ना."

"आरं, सपनात पुढचं दिसलं त्याला. म्हणून तर पिक्चर हाय."

"मला काई कळलं न्हाई. पण लई भारी हाय."

"कळलं न्हाई तर परत बघ. मी तीनदा बघितला."

"तीनदा बघून बी तुला कळलं न्हाई, तू काय सांगून राहिला?"

त्या वर्षी लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवीन कचेऱ्या उघडत होत्या, बाहेरून बदलून आलेले लोक घरं शोधत फिरत होते. गौतमला त्याचा आनंद वेगळा होता. ऑपरेटरचं लायसन्स काढायला आधी उस्मानाबादला खेटे घालावे लागत. आता परीक्षा इथेच होणार होती. त्याचा अभ्यास झाला होता. फ्यूज, अर्थिंग, फिल्मला आग लागली तर काय करायचं, हे सगळं तो रिवाइंड करता करता मला म्हणून दाखवायचा. फक्त टॉकीजचं अनुभवाचं पत्र हवं होतं. जोशी देतो म्हणाले होते. निलंग्याला एक नवी टॉकीज निघत होती. लायसन्स आलं की तिथली केबिन त्याची, असं तिथल्या मालकानं कबूल केलं होतं. त्याची बायको गावाकडे त्याच्या वडिलांच्या घरी होती. तिला घेऊन निलंग्याला खोली करायची, हे तो आठवड्यातून दोनदा तरी बोलायचा.

आणि मग एक दिवस करमणूक कराचे एक अधिकारी कुटुंबासकट पिक्चरला आले. नांदेडहून बदलून आलेले. शो सुटल्यावर ते खाली जोशींच्या खोलीत गेले. रागानं नाही, गंमत म्हणून सांगितलं, "अहो, हा मी नांदेडला पाहिलाय. तिथं शेवटी पोलीस येतात. तुमच्याकडे दोन रिळं उलटी लागलीयत."

ते हसत गेले, पण जोशींना घाम फुटला. टॉकीजचं लायसन्स नव्या कलेक्टर कचेरीकडून रिन्यू व्हायचं होतं. पहिल्याच ओळखीत हसं झालं होतं. त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं.

'दोन रिळं उलटी' हे शब्द ऐकल्याबरोबर मला ती पट्टी दिसली. ज्याच्या कपाळाला जखम आहे तो नंतर बरा होणार, असा माझा हिशोब. पण पिक्चरमध्ये तो आधी बिनपट्टीचा असतो, जिन्यात पडतो, मग पट्टी येते. भागीदार जिवंत दिसला ते स्वप्न, पट्टीवालं जागेपण खरं. खून झाला होता. दारावरची थाप पोलिसांची होती. सगळं एका क्षणात कळलं.

जोशींनी विचारलं, "लीडर कोणी लावले?"

मी म्हणालो, "लीडर गौतमच लावतो."

हे वाक्य खोटं नव्हतं. लीडर गौतमच लावायचा. फक्त त्या दिवशी, त्या दोन रिळांचे, नाही. ते मी म्हणालो नाही. माझी दोन मुलं शाळेत होती, माझी नोकरी पक्की होती, ती तशीच राहावी एवढंच डोक्यात होतं. आणि अजून एक, तेही लिहून टाकतो. त्या खोलीत माझ्या शब्दापुढे गौतमचा शब्द टिकणार नाही, हे मला माहीत होतं. जोशी त्याच्या हातचं पाणी घेत नसत. तो आणायचा ते पाणी इंजिनाला चालायचं.

गौतम माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तो जमिनीकडे बघत होता.

"साहेब, रिवाइंड करताना एक लीडर तुटला होता," तो म्हणाला. "त्यो मी परत जोडला. तवाच अदलाबदल झाली आसंल. गडबडीत होतो."

"गडबड? शेकडो लोकांना उलटा पिक्चर दाखवलास तू."

"चुकलं साहेब."

"चुकलं म्हणे. उद्यापासून येऊ नको. आणि ते पत्र विसर."

गौतम माझ्याकडे वळला. "उस्ताद, तुमचं नाव खराब झालं," म्हणाला. मी म्हणालो, "जा आता, साहेब चिडलेत."

दुसऱ्या दिवशी मी रिळं सरळ लावली. मॅटिनीलाच शिट्ट्या सुरू झाल्या. पुन्हा पुन्हा बघणारं पब्लिक होतं ते. सहावं रीळ लागलं तसे लोक खुर्च्या आपटायला लागले. "ए ऑपरेटर, उलटं लावलास का? झोपलास का काय?" शेवटी हिरो थाप ऐकून हसतो, तेव्हा कोणीतरी ओरडलं, "पोलीस आल्यावर हसतो व्हय? येडा हाय का?" बाहेर काही जण पैसे परत मागत होते.

जोशी केबिनमध्ये वर आले. ते कधी वर येत नसत.

"नारायण, आता काय करायचं?"

"बरोबर हेच आहे साहेब."

"बरोबर असू दे. शेठ विचारतील गल्ला का पडला." त्यांनी थोडा विचार केला. "ते साहेब आता परत यायचे नाहीत. त्यांचा बघून झालाय. कर पहिल्यासारखं."

मी पहिल्यासारखं केलं. म्हणजे ज्या चुकीसाठी माणूस काढला, ती चूक आम्ही ठरवून पुढे चालवली. आणि पिक्चर उतरेपर्यंत ती जोरात चालली. त्या वेळी एक वाक्य बोलायची जागा होती. चूक चालणारच असेल तर गौतमला परत बोलवा. एवढंच. जोशी कदाचित ऐकलेही असते, त्यांनाही नवा माणूस मिळत नव्हता. मी कार्बन बदलला.

गौतम बायकोला घेऊन किनवटकडे बहिणीच्या गावी गेला. तिथं आश्रमशाळेच्या वसतिगृहात लागला, पुढे स्टोअर सांभाळायचा. मशीनला त्यानं परत हात लावला नाही. हे मला इकडून तिकडून कळत राहिलं.

रिटायर झाल्यावर मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेलो. तोवर गौतमही रिटायर होऊन नांदेडला मुलाकडे राहत होता. पट्टी निघाल्यावर मी पत्ता काढून गेलो. जायचं कारण एकच होतं. वाक्य तयार होतं: गौतम, ते नंबर मी दिले होते.

त्यानं मला दारातच ओळखलं. सुनेला हाक मारली, "अगं, उस्ताद आलेत. माझे उस्ताद." मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसला. त्या घराला मी माहीत होतो. ती गोष्टही माहीत होती.

"मंजी ते उलट्या रिळांचे उस्ताद का?" सुनेनं विचारलं.

"हाव, तेच. मी घोळ घातला आन् यांना बोलणी खावी लागली." गौतम हसत होता. सूनही हसली. घरात ही गोष्ट हसत सांगायची सवय झालेली होती.

त्याची बायको चहा घेऊन आली. ती हसली नाही. म्हणाली, "तवापासून यांना कशाचाच भरवसा न्हाई. कुलूप लावतात, पुन्हा जाऊन बघतात. तिथं वसतिगृहात पोती मोजायचे, पुन्हा मोजायचे. रातच्याला उठून जायचे. म्या म्हणायची, मोजलं ना आत्ता? तर म्हणायचे, मला वाटतंय मोजलं, पण माझं काय खरं हाय?"

गौतम म्हणाला, "ऱ्हाऊ दे ना. चहा घ्या उस्ताद."

मी चहा घेतला. त्यानं माझ्या डोळ्यांची चौकशी केली, मुलांची केली. टॉकीज पाडून तिथं क्लासची बिल्डिंग झाली, हे मी त्याला सांगितलं. वाक्य माझ्या तोंडात होतं. सून बसली आहे, ती गेल्यावर बोलू, असं म्हणत राहिलो. मग ती गेली आणि नातू आला.

गौतम मला ऑटोपर्यंत सोडायला आला. मी आत बसलो आणि म्हणालो, "गौतम, त्या रिळांचं…"

त्यानं ऑटोच्या दांड्याला धरलं. "उस्ताद, मीच इचारणार होतो. घरात धीर झाला न्हाई. तुमच्या मनात राग तर न्हाई ना? माझ्यामुळं तुमची मान खाली गेली."

ड्रायव्हरनं ऑटो चालू केली होती.

"नाही रे," मी म्हणालो. "राग कसला."

"मंग बरं," तो म्हणाला, आणि हात सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या मुलानं फोन करून सांगितलं. त्यालाही मी काही बोललो नाही.

धंद्यापुरता धडा सोपा आहे. लीडर नसलेलं रीळ आलं तर ते चालवून बघावं. पाणी नसेल तर शो बंद ठेवावा. अंदाजानं नंबर देऊ नये, आणि दिलाच तर आपला म्हणून सांगावा. आता रिळंही राहिली नाहीत, तेव्हा हा धडा कोणाच्या कामाचा नाही. म्हणून फक्त नोंद करतो. त्या पिक्चरचे पाच आणि सहा नंबर मी दिले होते. गौतमनं तुटलेला लीडर बरोबर रिळाला जोडला होता. नांदेडला मी त्याची माफी मागायला गेलो होतो, देऊन आलो.