कर्नलसाहेबांचा दसरा

मी लग्न होऊन शिरगावला आले, त्या पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "प्या बाईसाहेब, तुमच्यामुळे माझा चहा अडलाय." मला वाटलं, शेजारच्यांची मंडळी रुसली असावी. डोकावले, तर तांबडी घोडी आणि बादलीपाशी वाकलेला उंचापुरा म्हातारा. ते कर्नलसाहेब.

त्यांचं सारं आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलं होतं. अख्खा रिसाला त्यांच्या हुकमतीखाली असे. पुढे रिसाल्यातून घोडे गेले, रणगाडे आले. "रणगाड्याला थोपटायला मान नसते हो," म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी पालघर स्टेशनवरच्या टांग्याची ही घोडी घेतली. ट्रकचा भोंगा वाजला की ती उधळायची. साहेब कितीतरी दिवस तिच्यावर बसलेच नाहीत, नुसते तिच्यासोबत किनाऱ्याने चालत. नंतर नंतर तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावरचे ट्रक शेजारून धडधडत गेले तरी ती फक्त कान हलवायची. माझ्या नवऱ्याने युक्ती विचारली, तर म्हणाले, "आपण भ्यालो की मांड्यांतून तिला कळतं. म्हणून आधी आपण भ्यायचं थांबायचं."

रिसाल्याच्या रिवाजाप्रमाणे दसऱ्याला ते तिची पूजा करत. एका वर्षी पूजा उरकून ते पालघरला एका जुन्या सोबत्याला भेटायला गेले. मागे गावातल्या बायका तिला हळदकुंकू लावायला आल्या. कोणी पुरणपोळी दिली, कोणी भाताचे मुटके. आमच्याकडे नव्या पिकातलं पहिलं भात देवाला वाहतात. सासूबाईंनी त्याची टोपलीच तिच्यापुढे रिती केली. एकीने काय दिलं ते दुसरीला ठाऊक नव्हतं.

साहेब दुपारी परतले तेव्हा ती पोटशुळाने पोटाकडे मान वळवून पाय आपटत होती. तिला खाली बसू न देता ते वाळूत फिरवत राहिले. पालघरहून गुरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं, शेवटी त्यांनी मान हलवली. साहेबांनी घरातून बंदूक आणली. तिच्या कपाळावरचं कुंकू रुमालाने पुसलं. एकच बार झाला. मला रडू आलं नाही. कुणालाच आलं नाही. गावातल्या माणसांनी खड्डा खणला, साहेबही खणत होते.

दिवेलागणीला ते आमच्या दारात उभे राहिले. अंगावर धुतलेला सदरा, नखांत वाळू, हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या, वहिनी."

सासूबाईंनी हात मागे घेतले. "नको साहेब. भात मीच दिलं तिला. आमी मायेनं दिलं, पण दिलं मीच."

"दसरा आहे, वहिनी. आज कुणाचं दार सोडायचं नसतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. त्यांनी पानं उंबऱ्यावर ठेवली आणि पुढच्या घराकडे वळले. ते असे कोळीवाड्याच्या टोकापर्यंत गेले.

सासूबाई पानांकडे बघत तिथेच बसल्या. मग म्हणाल्या, "शिवी तरी द्यायची होती त्यांनी."