मी टेकले तो दगड

मंडळी, घरी येऊन आडवी झालेय, पण पाठीला अजून तो दगड जाणवतोय.

आज चामोर्शीच्या पुढे एका गोंड गावात शिक्षकांचं प्रशिक्षण घेतलं. विषय होता, दुसऱ्यांच्या संस्कृतीचा मान राखा.

जेवणाच्या सुट्टीत मोहाच्या झाडाखालच्या एका उभ्या दगडाला पाठ टेकून मी डबा उघडला. गावातली एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बसा बाई आरामानं. ते माही माय होय."

मी ताडकन उठले. गेलेल्या माणसासाठी इथे दगड उभा करतात, हे सकाळी मीच फळ्यावर लिहिलं होतं!

"उठता काऊन? थकलेल्याले तिनं कधी उठवलं नाई."

खरं सांगा, तुमच्या आईच्या फोटोला कुणी पाठ टेकली असती, तर तुम्ही त्याला पाणी विचारलं असतं?