पळसाच्या पानावरचा वाटा

आठवीत बाप गेला, शाळा सुटली आणि त्याचं जाळं माझ्या खांद्यावर आलं. आमचं गाव गडचिरोलीकडचं, तलावाकाठचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की सगळे पुरुष एकाच दिवशी तलावात उतरायचे. काठावर पळसाच्या पानांवर घराघराचे वाटे मांडले जायचे. ज्या घरचं कोणी पाण्यात नाही, त्या घराचंही पान असायचं. पहिल्या वर्षी मला जाळं टाकता येत नव्हतं. आम्ही मायलेक त्याच पानावर जगलो.

मासे विकायचे तर चंद्रपूरचा व्यापारी येईल तेव्हा, तो देईल त्या भावाला. उशीर झाला की माल उन्हात नासायचा. मग शहरातल्या एका ताईंनी कंपनी काढली. बर्फ आणला, टेम्पो आणला, काठावर वजनकाटा लावला. ज्यानं पकडले त्याचे मासे, पैसे त्याच दिवशी. गावातल्या पोरी आता शाळा सोडत नाहीत, ते या बर्फामुळे. मलाही ताईंनीच कंपनीच्या पुण्यातल्या मासळीच्या दुकानात लावलं. आठवीतून सुटलेल्याला दुसरं कोण ठेवतं? उपकार फेडून फिटायचे नाहीत.

पानं मांडायची कोणी बंद केली नाहीत. काटा आल्यावर ती आपोआप राहून गेली.

मागच्या उन्हाळ्यात गाव तलावात उतरलं त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. पाहतो तर आई टोपली घेऊन काठावर बसलेली. शेजारचा काका म्हणाला, "वहिनी, उनात काऊन बसून राह्यली? पोरगा पुण्यात साहेब झाला, तुले आता मासे कायले पाहिजेत?"

सगळे हसले. आईही हसली आणि रिकामी टोपली घेऊन उठली.

पानं गेल्यापासून आमच्यासारख्या घरांना काहीच मिळत नाही, हे मी नोकरी जाईल की काय या भीतीतच ताईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला टेम्पो गावात गेला तेव्हा कंपनीनं अशा प्रत्येक घरी साफ केलेल्या माशांची पिशवी पाठवली. सगळ्यांनी घेतली. आईनं परत केली.

"काऊन परत केली, माय?" मी फोनवर विचारलं.

"पान मांडताना गाव आपल्या घराचं नाव घेत होतं, बाबू. या पिशवीवर कोणाचं नाव हाय?" मग म्हणाली, "अन् डोकीबी काढून टाकली त्यायनं. कालवण कायचं करू?"

यंदा गाव तलावात उतरलं त्या दिवशी मी पुन्हा फोन केला. काठावर गेली होतीस का?

"नाई. माह्यं काय काम तिथी."

दोन दिवसांनी आमच्या तलावाचे मासे दुकानात आले. मीच साफ केले. इथल्या गिऱ्हाइकांना डोकी लागत नाहीत, टाकूनच देतात. ती मी मागून घेतली, खोलीवर नेली आणि आईसारखं कालवण केलं. एकट्याला फार झालं.