खांडबारावालीचं नाव

"अऽहं... प्रतिभा हेमकांत पाटील या नावाची कोणीही विधवा महिला सदर गावी वास्तव्यास नाही. अऽहं."

तालुक्याच्या कचेरीतले नवनीत भाऊसाहेब वाक्य सुरू करण्याआधी एकदा खाकरत आणि संपवल्यावर एकदा. त्यामुळे दोन ओळींचा अहवालही त्यांच्या तोंडून ऐकताना अर्धा तास लागल्यासारखं वाटे.

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बाईनं आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर 'थुंकू नये' अशी पाटी होती. म्हणजे हे तिलाच उद्देशून चाललं होतं.

"भाऊसाहेब, प्रतिभा म्हणजे मीच ना."

"तसं तुम्ही म्हणता, मावशी. अहवाल म्हणतो, नाही."

"अहो, मी इथं उभी आहे."

"अऽहं. इथं उभ्या आहात. गावात राहत नाही. शिवाय हेमकांत पाटील हयात असून पत्नीचं नाव दीपमाला, असंही नमूद आहे."

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो हयात आहे हे सरकारी कागदावरून ऐकून प्रतिभाबाईला क्षणभर बरं वाटलं. मग दीपमालाचा राग आला. मग लक्षात आलं, हा तो हेमकांत नव्हे. हा बँकेतला हेमकांत, वरच्या गल्लीतला. त्याला काय धाड भरली आहे!

तिनं पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं. भाऊसाहेबांनी ते नुसतं बघूनच परत केलं. "आधार बरोबर आहे. आधारवरची बाई बरोबर आहे. ती त्या गावात राहते का, एवढाच मुद्दा आहे. गावातली दोन माणसं आणा. त्यांनी नायब तहसीलदार मॅडमसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, ही प्रतिभा, ही इथली, हिचा नवरा वारला. आठ दिवसांत. नाहीतर प्रकरण दप्तरी दाखल."

"दप्तरी दाखल म्हणजे काय हो?"

"म्हणजे बंद. अऽहं."

गुडघे गेल्यापासून तिचं केळीच्या बागेतलं काम सुटलं होतं. मूलबाळ नव्हतं. दीर सुरतेला, त्याचा फोन दिवाळीला येई, कधी तोही नाही. तिनं अर्ज केलेला निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू झाला असता तर निदान गोळ्या आणि तेल-मीठ दुसऱ्याकडे मागावं लागलं नसतं. एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी आधी ती असायला हवी होती.

परतीची बस सारंगखेड्याला थांबली. घोड्यांची जत्रा तोंडावर आली होती. रस्त्याच्या कडेनं एक पांढरा घोडा झूल घालून चालला होता आणि त्याला बघायला बसमधली सगळी माणसं एकाच बाजूला झाली. प्रतिभाबाई दुसऱ्या बाजूला एकटी राहिली. तिथं बसल्या बसल्या तिला मागच्या महिन्यातली ती सकाळ आठवली.

तिच्या सासरच्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला कोणी तिच्या नावानं हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली ते गावच तिचं नाव होतं. एका गल्लीत शहादावाली आहे, दोंडाईचावाली आहे, धडगावला वडील मास्तर होते म्हणून धडगाववाली आहे. सकाळी नळाला पाणी आलं की "दोंडाईचावाली, सरक ना वं!", "शहादावाली, तुन्ही घागर भरनी!" असा जो गलका होतो, तो ऐकून नवख्या माणसाला वाटावं, आपण एसटीच्या फलाटावर आलो, आता आपली गाडी कधी लागते ते विचारावं. प्रतिभा खांडबाऱ्याची. खांडबारावाली. सासू असतानाही खांडबारावाली आणि सासू गेल्यावरही.

नवऱ्याचंही तसंच. तापीकाठच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तो दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे मोटारवाला म्हणत. हेमकांत हे नाव मतदार यादीतच राहिलं. तो स्वतः बायकोला "आयकस का?" म्हणायचा. तिचं नाव त्यानं चारचौघांत एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. तेही मध्येच अडखळून, कानाच्या पाळ्या लाल करून. त्या दिवशी मांडवात जी माणसं हसली होती त्यांतलं आता कोणी नव्हतं.

तर त्या सकाळी गावचा कोतवाल जालमसिंग तालुक्याहून आलेला चौकशीचा कागद घेऊन पारावर आला. जालमसिंगचा आवाज असा, की तो इकडे शिंकला तर नदीपलीकडे कोणी "जीते रहो" म्हणावं.

"प्रतिभा हेमकांत पाटील कोन शे रे भोऽऽ?"

पारावरची मंडळी विचारात पडली. "हेमकांत? तो ते बँकवाला."

"त्यानी बायको ते दीपमाला."

"आनि इधवा कशी? तो जिता शे. आत्तेच मन्ही तंबाखू खाई गया!"

"मंग लिखी दे, नई शे."

जालमसिंगनं पुन्हा एकदा, नियमाप्रमाणे, गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडून पाहिलं. "प्रतिभाऽऽ हेमकांतऽऽ पाटीऽऽल!"

आणि प्रतिभाबाई तेव्हा पारापासून वीस पावलांवर, स्वतःच्या दारात, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं ते ऐकलं होतं. मान वर करून पाहिलंही होतं. 'व्हई कोनी बिचारी,' असं मनात म्हणून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली होती.

बस सुटली. घोडा मागं राहिला. तिला जालमसिंगवर रागावता येईना, पारावरच्यांवरही नाही. ती स्वतःच उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शहादावालीकडे गेली. अडतीस वर्षं भिंतीला भिंत. शहादावाली चुलीपुढे भाकरी थापत होती.

"बहीन, मन्हं नाव सांग बरं."

"खांडबारावाली."

"ते गाव शे. नाव सांग."

शहादावालीचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, जणू सासऱ्यानं तिथं कुठं लिहून ठेवलं असावं. तव्यावरची भाकरी करपली.

"माय वो! तुले आते नाव कसाले लागनं?"

"पगारले लागस."

"मालेच माहीत नई, ते सरकारले कसं माहीत व्हई?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं बोट रोखलं. "अन तुले माहीत शे का मन्हं? सांग. सांग ना!"

हिच्या बाळंतपणात प्रतिभाबाईनं रात्रंदिवस खस्ता काढल्या होत्या. हिच्या लेकीचं नाव माहीत होतं, हिच्या म्हशीचं माहीत होतं; हिचं नव्हतं.

"शोभा," शहादावाली म्हणाली. आणि चक्क लाजली.

"शोभा? दिसत नई."

"पयले व्हती वं!"

दोघी हसल्या. मग दोघींनी एकदमच चुलीतलं लाकूड सारायला हात पुढे केला.

दुसरा साक्षीदार म्हणून रेशन दुकानदार भटू तयार झाला, कारण त्याला तालुक्याला जायचंच होतं. भटू बोलायचा भरभर, एका दमात, जसा लिलावात. "काकू, दर महिनाले तुम्ही मशीनवर अंगठा लावतस, मशीन तुम्हनं नाव छापस, मी कागद फाडीसन तुम्हना हातमा देस. मशीनले माहीत शे, माले नई! मी कधी वाचंच नई!"

"मंग मशीनलेच साक्षीले लई चाल," शोभाबाई म्हणाली.

काळी-पिवळी जीपमध्ये तिघं दाटीवाटीनं बसली. शोभाबाईनं पाठांतर सुरू केलं. "प्रतिभा हेमकांत पाटील. प्रतिभा हेमकांत पाटील." जीप खड्ड्यात गेली की "प्रति" एकीकडे आणि "भा" दुसरीकडे. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. भटू म्हणाला, "काकू, परीक्षा शे का?" तरी तिचं चालूच.

प्रतिभाबाई खिडकीशी डोळे मिटून ऐकत होती. लहानपणी खांडबाऱ्याला, स्टेशनमागच्या घरात, आई केस विंचरताना असंच नाव घ्यायची. हालू नको प्रतिभा. मान खाली कर प्रतिभा. आई गेली, मग भाऊ गेला, आणि ते घर ज्यांनी विकत घेतलं त्यांनी दार उघडून "कोण पाहिजे?" असं विचारलं होतं.

शोभाबाई थांबली. "व्हयनं पाठ."

"आखो एकदाव म्हन," प्रतिभाबाई म्हणाली. "इसरशी."

तिचं पाठ झालेलं होतं, हे तिला दिसत होतं. तरी तिनं तालुका येईपर्यंत आणखी दोनदा म्हणायला लावलं.

नायब तहसीलदार चेतना मॅडम वयानं लहान होत्या. टेबलावरच्या फायलींमागून नुसते डोळे आणि चष्मा दिसत होता. नवनीत भाऊसाहेब बाजूला उभे होते, कागद धरून, घसा तयार ठेवून.

मॅडमनी शोभाबाईला विचारलं, "आजी, या तुमच्या शेजारी उभ्या आहेत, या कोण?"

शोभाबाईनं मोठा श्वास घेतला, छाती भरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "खांडबारावाली!"

भटूनं कपाळाला हात लावला. शोभाबाईनं जीभ चावली. "नई नई नई! थांबा! ती... माय वो... जीपमा ते येत व्हतं!"

"अऽहं," भाऊसाहेब पुढं झाले. "मॅडम, साक्षीदारानं वेगळंच नाव सांगितलं. म्हणजे प्रतिभा त्या नव्हेतच. अहवाल बरोबर आहे. दप्तरी दाखल करू का?"

मॅडमनी हात वर केला आणि प्रतिभाबाईकडे वळल्या. "मावशी, मला एक सांगा. कोतवालांनी लिहिलंय, गल्लीत दोन वेळा नाव पुकारलं, कोणी पुढे आलं नाही. तुम्ही त्या दिवशी गावात होतात?"

इथं 'नव्हते' म्हणणं सोपं होतं. भटू डोळ्यांनी तेच सुचवत होता. शेतात गेले होते, दवाखान्यात गेले होते, काहीही.

"होते," प्रतिभाबाई म्हणाली. "दारातच होते."

"मग ऐकू आलं नाही?"

"आलं ना." ती शाळेतली मराठी आठवून आठवून बोलत होती, पण पुढचं वाक्य त्या भाषेत सापडेना. "माले वाटनं, दुसरी कोनी व्हई. चाळीस वरीस व्हयनात मॅडम, त्या नावनी हाक कोनी मारीच नई. मी वळखं नई."

भाऊसाहेबांनी खाकरायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"या गावात सगळे यांना खांडबारावाली म्हणतात?" मॅडमनी भटूला विचारलं.

"सगळे, मॅडम. पोरंसोरंसुद्धा. मोटारवाल्याची खांडबारावाली. मोटारवाला दोन वर्सापहिले वारला, त्याच्या दहाव्याला मी स्वतः होतो. त्याचं नाव हेमकांत, ते मला परवा समजलं."

मॅडमनी पेन उचललं. "भाऊसाहेब, जबाबात लिहा. प्रतिभा हेमकांत पाटील उर्फ खांडबारावाली."

"अऽहं. मॅडम, उर्फ... उर्फ आपण सहसा आरोपींना लावतो."

"लावा."

शोभाबाईनं अंगठा उठवला, भटूनं सही केली. बाहेर आल्यावर शोभाबाईला हसू आवरेना. "उर्फ! डाकू व्हई गई वं तू!" आणि मग जीप हलायला लागली तशी तिनं सवयीनं हाक मारली, "चल वं खांडबारावाली, जागा धर!" प्रतिभाबाईनं जागा धरली. जे नाव पाठ झालेलं होतं तेही एव्हाना जीपच्या धुरात गेलं असावं. परतताना शोभाबाई जत्रेतल्या भांड्यांबद्दल बोलत होती.

त्यानंतर प्रतिभाबाईला एक सवय लागली. दुपारी दार लोटून ती घरात एकटी असली की हळूच म्हणायची, "प्रतिभा?" आणि स्वतःच म्हणायची, "ओ." पहिले काही दिवस 'ओ' उशिरा यायची. मग वेळेवर यायला लागली. पुन्हा जालमसिंग आला तर फसायचं नाही, एवढंच कारण होतं, असं ती स्वतःला सांगायची.

जत्रा उठली. संक्रांत झाली. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला, "खांडबारावाली भाबीऽऽ! तुन्हा कागद उना! मंजूर व्हयना पगार!"

ती ओसरीत आली, पण हात पुढे केला नाही. "कोना नावना शे?"

"तुन्हाच शे ना भाबी, आखो कोना राही?"

"वाची दाखाड."

जालमसिंगनं चष्मा शोधला, सापडला नाही, कागद हातभर लांब धरला. आणि चौकशीच्या दिवशी ओरडला होता तसाच, एकेक अक्षर ओढत, त्यानं वाचलं. "प्रतिभाऽऽ हेमकांतऽऽ पाटीऽऽल..."

"ओ," ती म्हणाली. पटकन, वेळेवर.

"...उर्फ खांडबारावाली. दख, मी काय सांगं!" त्यानं कागद तिच्या हातात दिला, जागा दाखवून सही घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. गाडी पाराला वळसा घालून गेली. आवाज गेला, धूळ खाली बसली. प्रतिभाबाई अजून ओसरीतच उभी होती, मान थोडी वर, जशी हाकेला ओ दिल्यावर माणूस उभं राहतं, पुढे काय सांगायचंय ते ऐकायला.